अकरा महिन्यांचे घर

गेल्या महिन्यात आमच्या घराचा करार नव्याने झाला. एजंटचा मुलगा संध्याकाळी लॅपटॉप आणि अंगठ्याचे ठसे घेण्याचे छोटेसे यंत्र घेऊन आला, आमचे ठसे व छायाचित्रे घेतली आणि चहालाही न थांबता पुढच्या घरी गेला. नंतर सवयीने मी तो करार वाचायला बसलो. (मराठीच्या प्राध्यापकाला हाती आलेला कोणताही कागद वाचण्याची खोड असते, मग तो वाण्याच्या पुडीचा का असेना.) त्या दहा-बारा पानांत मला कोठेही 'भाडेकरू' म्हटलेले नाही. मी 'लायसेन्सी' आहे. दुसऱ्याच्या जागेत काही काळ वावरण्याची ज्याला मुभा दिली आहे, असा माणूस.

हा भेद केवळ शब्दांचा आहे असे कोणास वाटेल. पण कायद्याच्या भाषेत शब्द बदलला की माणसाची जागा बदलते. भाडेकरूचा त्या वास्तूत काही एक हितसंबंध निर्माण होतो, तसा तो परवानाधारकाचा होत नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात परवान्याची जी व्याख्या आहे तिच्या दृष्टीने, कोणाच्या शेतातून गाडी नेण्याची परवानगी मिळालेला मनुष्य आणि दोन खोल्यांत बायकामुलांसह संसार मांडून बसलेला मनुष्य यांच्यात तत्त्वतः फारसा फरक नाही. आपल्या भाषेत यासाठी 'बिऱ्हाड' असा नेमका शब्द आहे. बिऱ्हाड म्हटले की चूल आली, पाळणा आला, दाराशी काढलेली रांगोळी आली. लायसेन्सी म्हटल्यावर यातले काहीच येत नाही, आणि येऊ नये हीच त्या शब्दाची योजना आहे.

ही योजना कोणी केली, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मुंबई इलाख्यात भाडेनियंत्रण पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ साली आले. दुसऱ्या महायुद्धात ते पुन्हा आले आणि १९४७ च्या कायद्याने पक्के झाले. त्या कायद्याने भाडे बहुतांशी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवले आणि ठरावीक कारणांखेरीज भाडेकरूला हलवता येणार नाही असे सांगितले. वाङ्मयाच्या अभ्यासकाला एक गोष्ट येथे नोंदवावीशी वाटते. पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ साली पुस्तकरूपाने आली. आपण तिच्यातल्या माणसांच्या नमुन्यांवर आणि शेजारधर्मावर पुष्कळ लिहिले. परंतु ती माणसे वर्षानुवर्षे एकाच जिन्याने चढउतार का करू शकत होती, हा प्रश्न सहसा विचारला नाही. शेजार मुरायला काळ लागतो, आणि तो काळ त्या बिऱ्हाडांना एका कायद्याने दिला होता. चाळसंस्कृती म्हणून आपण जिचे गोडवे गातो, तिच्या पायात हा रुक्ष अधिनियम आहे. दर अकरा महिन्यांनी माणसे बदलणाऱ्या इमारतीवर असे पुस्तक लिहून दाखवावे!

अर्थात त्या कायद्याची दुसरी बाजू लपविण्यात अर्थ नाही. चाळीस सालचे भाडे ऐंशी साली घेऊन कोणता मालक छपराची कौले बदलील? डागडुजी थांबली, वाडे खचले, पागडीचा काळा व्यवहार फोफावला. मूळचा भाडेकरू सुस्थितीत जाऊन दुसरीकडे फ्लॅट घेऊन राहिला तरी पेठेतली खोली कुलूप लावून त्याने सोडली नाही, अशी उदाहरणे माझ्या नात्यातच आहेत. मालकांनी यातून वाट काढली ती 'लिव्ह अँड लायसन्स'ची. भाडेकरू ठेवायचाच नाही, परवानाधारक ठेवायचा. तेव्हा सरकारने १९७३ साली कायद्यात दुरुस्ती केली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवानाधारक जागेत होते त्यांना एका फटक्यात भाडेकरू ठरवले. हेतू चांगला असेल, पण परिणाम असा झाला की ज्याच्याकडे रिकामी खोली होती तो ती द्यायलाच घाबरू लागला. अखेर डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात गोठवलेले भाडे आता वाजवी राहिलेले नाही असे स्पष्ट केले, आणि १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

या नव्या कायद्याकडे नीट पाहिले तर त्यात दोन नगरे दिसतात. एक जुन्या भाडेकरूंचे. त्यांच्या भाड्यात दरसाल चार टक्के वाढ करता येते, कलम १६ मध्ये दिलेल्या कारणांशिवाय त्यांना काढता येत नाही, कलम २९ प्रमाणे त्यांचे पाणी वा वीज तोडता येत नाही. दुसरे नगर माझ्यासारख्यांचे. आमच्यासाठी कलम २४ आहे. मुदत संपली की बाहेर. न निघाल्यास दुप्पट दराने नुकसानभरपाई. आणि प्रकरण नेहमीच्या न्यायालयात नव्हे तर सक्षम प्राधिकाऱ्यापुढे, संक्षिप्त पद्धतीने. करार पाच वर्षांपर्यंत करता येतो, पण व्यवहारात तो अकरा महिन्यांचाच होतो. एक वर्षापेक्षा कमी मुदतीचा दस्त नोंदवावा लागत नाही, या जुन्या नियमावरून ही प्रथा पडली. पुढे कलम ५५ ने प्रत्येक करार नोंदवणे बंधनकारक केले आणि ती जबाबदारी मालकावर टाकली, तेव्हा अकरा या आकड्याला काही कारण उरले नाही. तरी तो आकडा राहिला. कारण तो सोयीचा आहे: दरवर्षी भाडे वाढवता येते आणि दरवर्षी माणूस बदलता येतो.

एकवीस वर्षांच्या नोकरीत मी पुण्यात सात घरे बदलली. त्यातली तीन स्वेच्छेने. एकदा कन्या दहावीत असताना, जानेवारी महिन्यात, मालकांचा फोन आला की पुढील महिन्यापासून सोळाऐवजी बावीस हजार द्या, नाहीतर दुसरे लोक तयार आहेत. ते गृहस्थ दुष्ट नव्हते. निवृत्त होते, मुलगा परदेशी होता, आणि कोणा एजंटने त्यांना सांगितले होते की तुम्ही फार कमी घेता. मी काही बोललो नाही. कारण बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. त्यांच्या मागणीत बेकायदा असे काहीच नव्हते. परीक्षेच्या तोंडावर आम्ही खोकी बांधली. अनामत रकमेतून रंगाचे म्हणून पैसे कापले गेले, त्याविषयीही मी बोललो नाही. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते असे म्हणतात. विंचवाला निदान पुस्तके नसतात.

मी कायम नोकरीतला माणूस आहे, मला हे परवडले. आमच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारे एक सहकारी आहेत. त्यांची नेमणूक शैक्षणिक वर्षापुरती आणि घर अकरा महिन्यांचे. दोन्हींचे नूतनीकरण दुसऱ्याच्या मर्जीवर. जूनमध्ये भेटलो की ते विचारतात, "सर, यंदा आधी काय ठरेल?" रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका, पेठांमध्ये 'कॉट बेसिस'वर राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले, हिंजवडीला जाणारे तरुण, घरकाम करणाऱ्या बायका यांची या शहरातली गत थोड्याफार फरकाने हीच. जे नोंदणीविनाच राहतात त्यांची अवस्था याहून बिकट. शिक्षण हक्क कायद्याखालच्या पंचवीस टक्के जागांवर मुलाचा प्रवेश हवा तर पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत करार मागतात. नोंदणी मालकाने करायची, आणि ती त्याने केली नाही म्हणून शाळा मुलाची हुकते.

शिवाय आडनावाचा प्रश्न आहेच. घर पाहायला गेल्यावर पहिला प्रश्न खाण्यापिण्याविषयीचा असतो, आणि तो स्वयंपाकघराविषयीचा नसतो हे विचारणाऱ्याला आणि उत्तर देणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते. परदेशातून उच्चविद्या घेऊन बडोद्यास नोकरीसाठी आलेल्या डॉ. आंबेडकरांना तेथे कोणी घर दिले नाही. पारशी धर्मशाळेत ते पारशी नावाने राहिले, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. त्यानंतर एका सार्वजनिक बागेत रात्रीच्या गाडीची वाट पाहत त्यांनी दिवस काढला. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवलेली आहे. घर देताना कारण सांगावे लागत नाही आणि घर काढून घेतानाही लागत नाही, तेथे असे सर्व पूर्वग्रह निर्वेधपणे नांदतात. माझ्या मते, निष्कासनासाठी सबळ कारण दाखवण्याची सक्ती ही भाड्याच्या मर्यादेइतकीच, किंबहुना तिच्याहूनही महत्त्वाची आहे, ती यामुळे.

आता कोणी म्हणेल, भाडे हा राज्याच्या कायद्याचा विषय. त्यात महापालिकेने काय करावे? आक्षेप खरा आहे. बर्लिनमध्ये, जेथे बहुसंख्य लोक भाड्याने राहतात, तेथील प्रांतिक सरकारने फेब्रुवारी २०२० मध्ये भाडी गोठवणारा कायदा केला. जर्मनीच्या घटना न्यायालयाने तो एप्रिल २०२१ मध्ये रद्द ठरवला. भाडे किती असावे यावरचा तो निवाडा नव्हताच. या विषयावर संघराज्याने आधीच कायदा केलेला असल्याने बर्लिनला तो अधिकार नाही, एवढेच न्यायालयाने म्हटले. तेव्हा उद्या पुणे महापालिकेने भाड्याचे दरपत्रक जाहीर केले तर ते एक दिवसही टिकणार नाही, हे मला मान्य आहे.

पण महापालिकेला भाडेकरू ठाऊकच नाही असे मात्र नाही. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराच्या मिळकतकरात चाळीस टक्के सवलत मिळते. ही सवलत मध्यंतरी बंद झाली होती, २०२३ साली राज्य सरकारने ती पुन्हा दिली आणि त्यासाठी 'पीटी-३' नावाचा अर्ज भरून घेतला गेला. म्हणजे कोणत्या घरात मालक राहतो आणि कोणत्या घरात तो राहत नाही, हे पालिकेला कागदोपत्री कळते. नोंदणी व मुद्रांक विभागाला माझ्या कराराची प्रत मिळते, कारण त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क आणि एक हजार रुपये नोंदणी फी भरलेली असते. पोलिसांकडे माझी माहिती असते, कारण भाडेकरूची माहिती न देणे हा मालकाचा दोष धरला जातो. कर, मुद्रांक आणि संशय, या तीन कामांसाठी मी तीन कचेऱ्यांच्या दप्तरी हजर आहे. माझी अनामत बुडाली, ऐन पावसाळ्यात कोणी पाणी तोडले, वा पंधरा दिवसांत जागा सोडा म्हणून दरडावले, तर जिच्यापुढे उभे राहावे अशी एक खिडकी मात्र या शहरात नाही.

ती खिडकी उघडणे महापालिकेच्या हातात आहे. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात भाड्याने राहणाऱ्यांसाठी एक कक्ष असावा. तेथे नमुना करार मराठीत व सोप्या भाषेत मिळावा. करार नोंदवला नसेल तर तो नोंदवून घेण्यास मालकाला कळवावे. अनामत व जागा सोडण्याच्या तक्रारींत दोन्ही पक्षांना बोलावून समेट घडवावा. आणि तो न झाल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवावे, जेथे पात्र माणसास वकील विनामूल्य मिळतो. याला नवा कायदा लागत नाही. एक टेबल, दोन कर्मचारी आणि आठवड्याचे ठरलेले दिवस लागतात.

पेठांतील जुन्या वाड्यांचा प्रश्न तर सर्वस्वी पालिकेच्या अंगणातला आहे. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक इमारतीची नोटीस तीच काढते. वाडा खरोखर धोकादायक असेल तर माणसे हलवलीच पाहिजेत, त्यात दुमत नाही. परंतु नोटीस, मग पाणी-वीज बंद, मग पाडकाम, आणि रिकाम्या भूखंडावर वर्षानुवर्षे पत्रे, ही मालिका पाहिली की नोटीस नक्की कोणाच्या रक्षणासाठी निघाली असा प्रश्न पडतो. भिंत पाडण्यापूर्वी प्रत्येक भाडेकरूचे नाव, त्याची खोली, तिचे मोजमाप पालिकेने स्वतः नोंदवावे, त्याची सही-शिक्क्याची प्रत त्याच्या हाती द्यावी, आणि नव्या बांधकामाचा नकाशा मंजूर करताना ती नोंद समोर ठेवावी. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर नदीकाठच्या पेठांतील कुटुंबांसाठी याच शहरात गोखलेनगर, लोकमान्यनगर यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. तेव्हा बेघर झालेल्या माणसाला शासनाने घर दिले. पुरात वाहून गेलेल्या घराची जबाबदारी शासनाची, आणि नोटिशीने गेलेल्या घराची कोणाचीच नाही, हा न्याय मला समजत नाही.

राहता राहिला भाड्याचा आणि कराराच्या मुदतीचा प्रश्न. त्यासाठी कायद्यात दुरुस्ती हवी आणि ती मुंबईतच होईल. पण महापालिकेने तसा ठराव करून शासनाकडे पाठवला तर त्याला वजन येते. मागणी चाळीस सालच्या गोठवणुकीची नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. नव्या करारात भाडे दोघांनी मिळून ठरवावे. पण एकदा माणूस राहायला आला की पुढची वाढ महागाईशी निगडित अशा एका मर्यादेत असावी. आणि भाडे थकवणे, जागेचा गैरवापर, मोठी दुरुस्ती किंवा मालकाची स्वतःची खरी गरज यांपैकी कारण असल्याशिवाय नूतनीकरण नाकारता येऊ नये. जर्मनीचा साधा नागरी कायदा साधारण असाच चालतो: चालू भाड्यात तीन वर्षांत वीस टक्क्यांहून, आणि घरटंचाईच्या शहरांत पंधरा टक्क्यांहून अधिक वाढ करता येत नाही, आणि मालकाला जागा परत हवी असेल तर तसे कारण दाखवावे लागते. तेथे मालक देशोधडीला लागल्याचे ऐकिवात नाही.

अर्थशास्त्राचे आमचे सहकारी येथे हमखास सान फ्रान्सिस्को काढतात, आणि त्यांचे म्हणणे टाळण्यासारखे नाही. १९९४ साली त्या शहराने लहान इमारतींनाही नियंत्रण लागू केले. पुढे त्यावर स्टॅनफर्डच्या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आढळले की भाडेकरू आपल्या घरी अधिक काळ टिकले खरे, पण नियंत्रणाखाली आलेल्या मालकांनी भाड्याने द्यायच्या घरांत पंधरा टक्के घट केली. कोणी घरे विकली, कोणी नव्याने बांधली. मी यातून असा अर्थ घेतो की मर्यादा घालताना पळवाटही बुजवली पाहिजे आणि घर भाड्याने देण्यात मालकाचे हितही ठेवले पाहिजे. आज पुण्यात उलटेच आहे. घर भाड्याने दिले की मालकाची चाळीस टक्के सवलत जाते. तीन वर्षांचा नोंदणीकृत, मर्यादित वाढीचा करार करणाऱ्या मालकाला त्या सवलतीचा काही भाग परत का देऊ नये? त्याला शासनाची संमती लागेल, २०२३ चा अनुभव तसा आहे. पण प्रस्ताव पालिकेकडून जायला काय हरकत आहे? २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात एक कोटी दहा लाखांच्या आसपास घरे रिकामी आढळली होती. म्हणजे घरे आहेत, विश्वास नाही. सोसायटीतले माझे शेजारी दुसरा फ्लॅट सहा वर्षे बंद ठेवून आहेत. "एकदा आत आला की निघत नाही हो," असे ते म्हणतात. त्यांची ही भीती १९७३ सालची आहे, आणि तिला उत्तर द्यायचे तर थकबाकीदार व खोटारड्या भाडेकरूविरुद्ध जलद निवाडाही याच दुरुस्तीत ठेवावा लागेल. प्रामाणिक भाडेकरूचे त्यात काही बिघडत नाही.

केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायदा मंजूर करून राज्यांपुढे ठेवला. त्यात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे आणि मालकाने घरात येण्यापूर्वी चोवीस तासांची सूचना द्यावी असे म्हटले आहे. या गोष्टी घ्याव्यात. परंतु त्यात भाड्याला मर्यादा नाही आणि मुदत संपल्यावर कारणाशिवाय नूतनीकरण नाकारण्यास अडसर नाही. म्हणजे मूळ दुखणे तसेच राहते.

आम्ही काही जणांनी, ज्यांत दोन घरमालकही आहेत, वरील मागण्यांचे एक निवेदन तयार करायला घेतले आहे. ते प्रथम क्षेत्रीय कार्यालयात आणि मग महापालिकेच्या विधी समितीपुढे नेण्याचा विचार आहे. मसुद्यात 'परवानाधारक' लिहावे की 'भाडेकरू' यावर आमचा पहिल्याच बैठकीत तासभर वाद झाला. वकील मित्र म्हणतात, कायद्यात जी संज्ञा आहे तीच वापरावी, नाहीतर अर्ज पहिल्याच टेबलावर परत येईल. मी 'भाडेकरू'वर अडून बसलो आहे. तूर्त दोन्ही शब्द ठेवले आहेत. कायदा जाणणाऱ्या वाचकांनी मसुद्यातल्या कलमांत काही चूक दिसल्यास जरूर दाखवावी. विशेषतः सवलतीविषयीचा परिच्छेद आम्हाला अजून नीट जमलेला नाही.